इवलेसे, उजवे

परीक्षा सुरू झाल्या. इमारतीच्या फाटकाशी सकाळी पारदर्शक पाऊच घेतलेली मुलं उभी राहू लागली, त्यांच्या आया रिक्षावाल्यांशी जरा जास्तच गोड बोलू लागल्या, आणि वरच्या मजल्यावरच्या बाईंनी टीव्हीचा आवाज स्वतःहून कमी केला. आमच्या घरात आता परीक्षेला बसणारं कुणी नाही. माझी मुलगी सायली पुण्याला शिकते. तिच्या परीक्षा कधी येतात, कधी जातात, ते आम्हाला फोनवरच कळतं. मी घरी टेबलाशी बसून छोट्या प्रकाशकांची पुस्तकं आणि लोकांच्या लग्नपत्रिका छापण्यासाठी लावून देतो. सगळं बरं चाललंय. तरीही फेब्रुवारी संपत आला, वसईच्या वाड्यांमधून मोहोराचा वास रस्त्यावर यायला लागला, की माझे कान तापतात. बायको विचारते, बरं नाही का? बरं असतं. लाज परत आलेली असते, एवढंच.

ती त्या वर्षीची लाज आहे, ज्या वर्षी सायली बारावीला होती.

मी तेव्हा एका मराठी दैनिकाच्या पुरवणीची पानं लावायचो. ‘पान लावणं’ हा आमच्या धंद्यातला शब्द. मजकूर येतो, फोटो येतात, जाहिरातवाला ऐनवेळी येऊन एक कोपरा खाऊन जातो, आणि उरलेल्या जागेत सगळ्यांना बसवायचं. कुठे चौकट, कुठे दोन कॉलमी मथळा, फोटोखाली फोटोओळ. माझं पान मला लांबून ओळखू यायचं. फलाटावर कुणी ते उघडून बसला असेल तर मी त्याच्या मागे उभा राहून चौकटीची कड सरळ आहे ना, एवढंच बघायचो. वाचायचो नाही. सगळं आयुष्य मी मजकूर न वाचता त्याची जागा ठरवण्यात घालवलं.

जानेवारीत पुरवणी बंद झाली. तिच्याबरोबर आम्हीही. राग यावा असं कुणी वागलं नाही. सगळे मऊ आवाजात बोलले, चहा झाला, कुणीतरी ‘भेटत राहू’ म्हणालं. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. निदान घरी येऊन सांगायला काहीतरी असतं.

नोकरी गेल्याची लाज का वाटावी, हे मला आजही नीट सांगता येत नाही. मी चोरी केली नव्हती, काम बिघडवलं नव्हतं. पण लाज काही चौकशी करून येत नाही. दिवसा इमारत बायकांची, म्हाताऱ्यांची आणि कुरियरवाल्यांची असते, त्यात बावन्न वर्षांचा धडधाकट पुरुष जिन्यात दिसला की तो उगाच दिसतो. मी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवतानासुद्धा इस्त्रीचा शर्ट घालू लागलो. शेजारच्या पाटलांनी विचारलं, “काय परब, सुट्टी?” मी म्हणालो, “वर्क फ्रॉम होम.” पाटील म्हणाले, “मजा आहे.” त्यांनी दार लावून घेतलं आणि मी डब्याशी उभा राहिलो.

सातिवलीत औषधांचे खोके छापणाऱ्या एका युनिटात माणूस हवा होता, तिथेही जाऊन आलो. गोडाऊनच्या मागे एक थंड केबिन, बाहेर पुठ्ठ्याचा आणि गोंदाचा वास. मालक पोरगेला होता. माझी जुनी पानं त्याने एकेक करून पाहिली, मनापासून पाहिली. मग म्हणाला, “अंकल, काम एक नंबर आहे. पण तुमचा एक्स्पीरियन्स लय मोठा. आपल्याला इथे छोटा माणूस पाहिजे.” मी छोटाच आहे, असं मला म्हणावंसं वाटलं होतं. म्हणालो नाही. परत येताना पानांची गुंडाळी मी रिक्षातल्या बाईला दिसणार नाही अशी पायांमध्ये धरली.

घरात सायलीचा अभ्यास. हॉलमधल्या टेबलावर तिची पुस्तकं पसरलेली, पंखा एकवर, कुकरच्या शिट्ट्यासुद्धा सुनीता तिच्या वेळा बघून करायची. सुनीता, माझी बायको, एका दवाखान्यात रिसेप्शनवर असते. ती सकाळी निघाली की घरात आम्ही दोघंच. एक परीक्षेला बसलेली, दुसरा नुसताच बसलेला. सायली काही बोलायची नाही. पण मी खोकलो तरी तिचं पेन थांबायचं. मग मी ठरवलं, सकाळी गावातल्या वाचनालयात जाऊन बसायचं.

तिथे मला आंतोन सर भेटले.

सर जवळच्याच एका गावचे. त्या गावाचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण मग तुम्ही इंटरनेटवर त्याचं पान उघडून बघाल. जुनं ख्रिस्ती गाव, चिंचोळे रस्ते, कोपऱ्यावर क्रूस, भिंतींवरून बाहेर डोकावणाऱ्या केळी. सरांनी शाळेत आयुष्यभर मराठी शिकवलं आणि निवृत्तीनंतर गावाचं पान मराठी विकिपीडियावर लिहायला घेतलं. मजकूर उत्तम होता. विहिरी, शेती, चर्च, लग्नातली गाणी, गाव सोडून गेलेले आणि जग सोडून गेलेले लोक, सगळं नेटकं लिहिलेलं. फोटो मात्र त्यांच्या ताब्यात राहत नव्हते. आपल्या छोट्या लॅपटॉपकडे ते, तो कुणी वर्गात खोड्या करणारा मुलगा असावा तसे, त्रासून बघत होते.

“विहिरीचा फोटो मी विहिरीपाशी लावतो,” ते मला म्हणाले, “आणि तो जाऊन बसतो चर्चपाशी. चर्च हलवलं तर शेती खाली जाते. तुम्हाला ह्यातलं काही कळतं का?”

“मी पानं लावतो,” मी म्हणालो.

वर्तमानकाळात म्हणालो. तोंडातून गेलं आणि मग परत घ्यावंसं वाटलं नाही. कित्येक दिवसांत मी स्वतःबद्दल एक पूर्ण वाक्य बोललो नव्हतो.

दुपारी सरांच्या घरी जाऊ लागलो. त्यांच्या पडवीत टेबल होतं, त्यावर लॅपटॉप, आणि बाजूला पाण्याचा तांब्या. विकीची ती लिहिण्याची खिडकी उघडली की आतमध्ये पानाची हाडं दिसतात. फोटोचं नाव कंसांत लिहायचं, आणि पुढे तो किती मोठा आणि कुठे, ते. लहान करून लावायचा असेल तर तिथे चक्क लिहायचं, ‘इवलेसे’. उजवीकडे हवा तर ‘उजवे’, नाहीतर ‘डावे’. मला तो शब्द फारच आवडला. आमच्या ऑफिसात तीस वर्षं आम्ही ‘छोटा कर’, ‘दाब’, ‘काप’ असंच म्हणत आलो. इथे कुणीतरी, कोण कुठल्या माणसाने, शांतपणे बसून यंत्रासाठी ‘इवलेसे’ हा शब्द निवडला होता. मी तो टाइप करताना दर वेळी जरा हळू व्हायचो.

वर उजवीकडे एक लांबलचक माहितीची चौकट होती. गावाचं नाव, नकाशा, पिनकोड, भाषा. तिच्याखाली मी फोटो लावत गेलो. इथले फोटो चिकटवता येत नाहीत, ते तरंगतात, म्हणजे मजकूर त्यांच्या अंगावरून वाहत जातो आणि फोटो कडेला राहतो. मला त्याची भीती वाटली नाही. वर्तमानपत्रातही मजकूर फोटोला वळसा घालतो. जिथे फोटो आणि त्याचा परिच्छेद एका रेषेत येत नव्हते तिथे मी रिकाम्या ओळी टाकून मजकूर खाली ढकलला. दोन ओळी, कधी पाच. हळूहळू सगळं जागेवर आलं. विहीर विहिरीपाशी, चर्च चर्चपाशी. फोटोओळी मी स्वतः लिहिल्या. सर मागे उभे राहून बघायचे आणि म्हणायचे, “वा. आता कसं, पान बघवतं.”

त्या दिवसांत मी घरी येताना पाटलांच्या दारावरून मुद्दाम पाय वाजवत यायचो.

सरांची थोरली बहीण समोरच्याच घरात राहायची. इजाबेल मावशी. ऐंशी उलटलेली, डोळ्यांत मोतीबिंदू, नुकतीच महिनाभर हॉस्पिटलात राहून आलेली. गावातल्या लग्नांत गाणी म्हणणारी ती शेवटची. सगळी गाणी येतात अशी दुसरी कुणी उरली नव्हती. घरात ती आपल्या बोलीत बोलायची. माझ्याशी बोलताना शाळेतली मराठी काढायची, पण तिच्या तोंडात ‘ण’ काही यायचा नाही. लाल लुगड्यातला, गळाभर सोन्यातला, गाताना तोंड उघडलेला तिचा एक जुना फोटो होता. सरांनी तो तिला विचारून घेतला.

“लाव,” ती म्हणाली. “पन नीट लाव. माझी माऊ हसेल असा नको.”

तिची माऊ म्हणजे आई, चाळीस वर्षांपूर्वी गेलेली. मावशी तिच्याबद्दल अशी बोलायची जणू ती आत स्वयंपाकघरात आहे.

मी तो फोटो ‘लग्नातली गाणी’ ह्या भागात लावला. इवलेसे, उजवे. सगळ्या पानातला तो सर्वांत चांगला बसलेला फोटो होता. गाण्याची पहिली ओळ आणि तिच्या फोटोची वरची कड एका रेषेत.

मार्चच्या सुरुवातीला गावच्या मंडळाची सभा होती. सरांनी ठरवलं, सभेत पान सगळ्यांना दाखवायचं. मला म्हणाले, “तुम्ही घरच्यांना घेऊन या. मंडळाची स्मरणिका काढायचीय, त्या कामासाठी मी तुमचं नाव सुचवलंय. लोकांनी तुम्हाला बघू दे.” मी घरी जाऊन सुनीताला हे सांगितलं तेव्हा ती भाजी चिरत होती. ती थांबली, सुरी खाली ठेवली आणि म्हणाली, “तुझा तो निळा शर्ट धुवायला टाकते.” त्या रात्री जेवताना आम्ही तिघं बऱ्याच दिवसांनी काही विनोद झाल्यासारखे हसलो. कशावर, ते आता आठवत नाही.

रविवारी चर्चमधली मिस्सा संपल्यावर लोक हॉलमध्ये आले. उपवासकाळ होता, म्हणून खाणं साधं, चहा आणि बिस्किटं. सायलीचा सोमवारी पेपर होता, ती घरी राहिली. सुनीता तिसऱ्या रांगेत बसली. मावशी अगदी पुढे, सून ग्रेसीचा हात धरून. भिंतीवर मोठा पांढरा पडदा लावला होता. हॉलच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. सरांनी भाषण केलं, माझी ओळख करून दिली, ‘पान लावणारे परब’ असं म्हणाले, आणि मंडळाच्या अध्यक्षांनी मला बोलावून हातात गुलाबाचं फूल दिलं. टाळ्या झाल्या. मी फूल घेऊन पडद्याच्या बाजूला उभा राहिलो.

पान उघडलं. गावाचं नाव मोठ्या अक्षरांत आलं तेव्हा मागून एक शिट्टी पडली. मग सर पान खाली सरकवू लागले आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मजकूर फार पटकन संपत होता.

आज मला ते नीट सांगता येतं. सरांच्या छोट्या लॅपटॉपवर ओळी आखूड होत्या, म्हणून मजकूर लांब खाली जायचा, आणि चौकटीखाली रांगेत लागलेले फोटो बरोबर आपापल्या परिच्छेदापाशी यायचे. त्या रुंद पडद्यावर ओळी लांब झाल्या. मजकूर पसरून थोडक्यात आटोपला. प्रत्येक मथळा वर चढला. चौकट मात्र तेवढीच लांब राहिली आणि तिच्याखाली फोटो एकाखाली एक ताटकळत राहिले. त्यामुळे विहीर शेतीपाशी आली. चर्च गाण्यांपाशी आलं. माझ्या रिकाम्या ओळी मध्येच भोकांसारख्या पांढऱ्या दिसत होत्या. लोक कुजबुजले. सर सरकवत राहिले, कदाचित पुढे ठीक असेल म्हणून.

मग ‘दिवंगत गावकरी’ असा मथळा आला. खाली नावांची यादी, प्रत्येक नावापुढे छोटा क्रूस. आणि यादीच्या शेजारी, भिंतभर, लाल लुगड्यात, तोंड उघडलेली इजाबेल मावशी.

मग मागून कुणीतरी हसलं, आणि एक बाई जोरात म्हणाली, “अगो, पन ती हाय ना जिवंत!” अजून दोघं-तिघं हसले. ग्रेसीने छातीवर क्रूसाची खूण केली. सर घाईने पान वर नेऊ लागले, ते अडकलं, आणि मावशीचा चेहरा तिथेच थांबून राहिला.

मावशीला ते दिसत नव्हतं. ती ग्रेसीला विचारत होती, “माझा आला का? कुठे लावलाय?”

“येतोय, आई,” ग्रेसी म्हणाली.

“मग हसतात का?”

मी पडद्याच्या बाजूला फूल घेऊन उभा होतो. ते खाली ठेवावं, खिशात घालावं, की धरून राहावं, मला कळत नव्हतं. सुनीताकडे बघितलं तर ती मांडीवरची पर्स बघत होती. माझ्यासाठी मान खाली घातलेली बायको मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. बाकी सगळं पुसट होत गेलं असेल, हे नाही.

घरी आल्यावर तिने विचारलं, “कॉफी करू?” आणि मग गॅस पेटवता पेटवता, माझ्याकडे न बघता, “त्या बाईंकडे जाऊन ये.”

मी गेलो नाही. काही दिवस वाचनालयातही गेलो नाही, कारण सर तिथे असतील. सरांचा फोन आला, तो उचलला नाही. सायलीच्या पेपरांच्या मधल्या सुट्टीत तिचा लॅपटॉप मागून घेतला आणि पानाची खिडकी कडेला धरून अरुंद केली, रुंद केली. अरुंद केली की मावशी गाण्यांपाशी. रुंद केली की खाली सरकत सरकत मेलेल्यांत. परत अरुंद, परत रुंद. किती वेळ मी तेच करत होतो कोण जाणे. सायली पाठीमागे येऊन उभी राहिली.

“बाबा, हीच ती आजी?”

“हो.”

तिने स्वतः एकदा खिडकी रुंद करून बघितली. “तुमच्या पेपरात असं झालं नसतं, ना?”

“नसतं.”

खरंच नसतं. छापलेलं पान सगळ्यांच्या हातात सारखंच पडतं. ज्याला ते आवडलं नाही तोही तेच पान बघत असतो. मी जन्मभर ह्याच भरवशावर काम केलं की मला दिसतंय तेच जगाला दिसतंय. इथे तसं नव्हतं. प्रत्येकाच्या हातात वेगळं पान. मला नीटनेटकं वाटलेलं पान फक्त पडवीतल्या त्या एका लॅपटॉपवर नीटनेटकं होतं. नोकरीचंही तसंच काहीतरी झालं असावं. मी माझ्या खिडकीतून स्वतःला जागेवर बसलेला बघत होतो, आणि दुसऱ्या कुणाच्या रुंद पडद्यावर मी केव्हाच घरंगळत खाली गेलो होतो.

दुरुस्ती अवघड नव्हती. शोधल्यावर एक छोटासा साचा सापडला, म्हणजे एका शब्दाची तयार आज्ञा. तो भागाच्या शेवटी टाकला की पुढचा मथळा थांबून राहतो; वरचे सगळे फोटो संपल्याशिवाय तो सुरूच होत नाही. काही फोटो मी डावीकडे घेतले, चौकट आखूड केली, माझ्या सगळ्या रिकाम्या ओळी काढून टाकल्या. मग सायलीच्या लॅपटॉपवर, सुनीताच्या फोनवर, माझ्या फोनवर आडवं-उभं करून बघितलं. आता मावशी कुठेही गाण्यांपाशीच राहत होती. पान बरोबर झालं होतं आणि त्याचा कुणालाही काही उपयोग नव्हता. स्मरणिकेचं काम विरारच्या एका डीटीपीवाल्याकडे गेल्याचं नंतर कळलं. त्यांनी योग्यच केलं. मीही माझ्याकडे दिलं नसतं.

शेवटी मावशीकडे गेलो, ते सायलीमुळे. शेवटच्या पेपरला निघताना बूट घालत ती म्हणाली, “मला फिजिक्सच्या पेपरला जायचं होतं तेव्हा मीही तुम्हाला सांगितलं असतं, की आज नको, उद्या जाते. चाललं असतं का?” उत्तराची वाट न बघता ती जिना उतरून गेली.

दुपारचं ऊन होतं. मावशी आपल्या पडवीत खाली बसून वालाच्या शेंगा सोलत होती. पुढ्यात सूप, बाजूला सालांचा ढीग. बोटांनाच दिसावं तशी ती सोलत होती. मी पायरीशी उभा राहिलो.

“कोन?”

“परब, मावशी. फोटोवाला.”

तिचे हात थांबले. बस म्हणाली नाही.

“मी माफी मागायला आलो. चूक माझी होती. आता ते नीट केलंय, फोटो गाण्यांपाशीच…”

“मी घाबरले,” ती म्हणाली.

मी मनाशी बरंच काही ठरवून आलो होतो. ती हसेल, ती चिडेल, ती म्हणेल जाऊ दे. हे मी धरलं नव्हतं.

“हॉस्पिटलातून आले तेव्हा म्हटलं, वाचले. मग पोरांनी सांगितलं, तिकडे तुला मेलेल्यांत लावलंय. रात्री झोप नाय. वाटलं, ह्यांना आधीच कळलंय, मलाच कोनी सांगत नाय.” ती शेंग हातात नुसतीच फिरवत राहिली. “काढ तो फोटू.”

“मावशी, तो आता बरोबर जागी…”

“मला कुठेच नको. काढ. आत्ता काढ, माझ्यासमोर.”

मी पायरीवर बसून फोनवर पान उघडलं. ती कंसातली ओळ शोधली. तिच्या फोटोचं नाव, इवलेसे, उजवे, आणि पुढे मी लिहिलेली फोटोओळ. सगळी ओळ पुसली.

“गेला?”

“गेला.”

“नक्की?”

“नक्की, मावशी.”

तिने श्वास सोडला. मोठ्याने सोडला. माझ्या हातून त्या पानावर जे काही झालं त्यात कुणाला खरोखर बरं वाटलेलं मी तेवढंच पाहिलं.

आमचे आवाज ऐकून सर त्यांच्या घरातून आले. मला बघून जरा थबकले. “काढला?” त्यांनी विचारलं. मी मान डोलावली. “मग त्या जागी काय लावणार? गाण्यांचा भाग अगदीच उघडा दिसेल.”

वर्तमानपत्रात अशी जागा राहिली की आम्ही काहीतरी टाकायचोच. एखादं सुभाषित, फुलाचं चित्र, वाचकांना आवाहन. मोकळी जागा म्हणजे पान लावणाऱ्याची नाचक्की. माझ्या ओठांवर दोन-तीन उपाय आलेही होते.

“काही नको,” मी म्हणालो. “राहू दे तशीच.”

मावशीने मला विचारलं, “तू काम काय करतोस रे? दुपारचा कसा फिरतोस?”

वर्क फ्रॉम होम जिभेवर होतं. सर समोर होते, ज्यांना मी वर्तमानकाळात सांगितलं होतं.

“काम नाही, मावशी. नोकरी गेली. जानेवारीत.”

मी सरांकडे बघू शकलो नाही. ते पडवीच्या खांबाला टेकून उभे होते. तिथूनच म्हणाले, “परब, रोज सकाळी वाचनालय उघडायच्या आधी येऊन पायरीवर बसणारा माणूस नोकरीवाला नसतो. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.”

“मग बोलला नाहीत?”

“तुम्ही नाही बोललात. मी कसा बोलणार?”

म्हणजे ते सगळे इस्त्रीचे शर्ट, तो निळा शर्ट, ते पाय वाजवत जिना चढणं. मला आणखीच लाज वाटली. पण ही लाज वेगळी होती. ती कुणापासून लपवायची उरली नव्हती.

मावशीला आमच्या बोलण्यात रस नव्हता. तिने सूप माझ्याकडे सरकवलं. “सोल,” म्हणाली. “नखाने नको, अंगठ्याने दाब.” मी पायरीवरून वर सरकलो आणि बसलो. ती काही बरं बोलली नाही. माफ केलं असंही म्हणाली नाही. मला वाटतं, तिने केलं नव्हतं. शेंगा सोलायच्या होत्या आणि मी मोकळा होतो.

गल्लीतून एक स्कूटर आली. सभेत मागच्या रांगेत बसलेला, गावातलाच माणूस. त्याने वेग कमी केला, माझ्याकडे बघितलं, मग मावशीकडे.

“बाय, हाच ना तो? फोटोवाला?”

“हाच,” मावशी म्हणाली. “मला मेलेल्यांत बसवनारा.”

तो मोठ्याने हसला. मी हातातली शेंग खाली ठेवली आणि त्याच्याकडे सरळ बघितलं.

“हो,” मी म्हणालो. “परब. वसईतच राहतो. पानं लावायचो.”